प्रोटीन शेक आणि चरबी घटवण्याचा हिशेब

चरबी कमी करायची तर खाण्यातून येणारी ऊर्जा खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी हवी. कोणतीही पावडर हे समीकरण बदलत नाही. मग प्रथिने कशाला? ऊर्जेची तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडते. वजनांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांमुळे ते नुकसान कमी होते. प्रति किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅम धरली, तर ७० किलोच्या व्यक्तीला ११२ ग्रॅम लागतील. वरण-भात-पोळीतून एवढी भरत नाहीत, तिथे शेक उपयोगी पडतो.

पण तो कशात घालता ते पाहा. व्हेच्या ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये साधारण १२० किलोकॅलरी असतात. तोच ३०० मिली म्हशीच्या दुधात दोन केळी घालून घेतला की बेरीज ६०० च्या वर जाते. तासभर भरभर चालून जेमतेम ३०० खर्च होतात! म्हणून पाण्यातच घ्या.

लेबलवरचा आकडाही डोळे झाकून मानू नका. प्रथिने नायट्रोजन मोजून, त्याला ठरावीक गुणकाने गुणून काढतात. त्यामुळे ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ते दिसते का, तपासा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.