मंद आचेवर ॲल्युमिनियम जुळत नाही

"ॲल्युमिनियम लवकर वितळतं, म्हणून करंट कमी ठेव." टिग वेल्डिंग शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराला हा सल्ला कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला असतो. कधी आयटीआयमधल्या सीनियरने, कधी गाळ्यातल्या वस्तादाने, कधी मोबाइलवरच्या व्हिडिओने. सल्ला इतका समंजस वाटतो की तो तपासून बघावा असं कुणाच्या मनातही येत नाही. लोखंड १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. निम्म्याहूनही कमी. मग आच निम्मी नको का?

नको. पोरांचे महिनेच्या महिने वाया घालवणारा दुसरा सल्ला या धंद्यात नसेल.

वितळणबिंदू एवढंच सांगतो की धातू कुठल्या तापमानाला पातळ होईल. तिथवर न्यायला किती उष्णता लागेल आणि ती किती वेगाने पुरवावी लागेल, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. साध्या तापमानाचं एक ग्रॅम शुद्ध ॲल्युमिनियम पूर्ण वितळवायला सुमारे १०६० जूल लागतात, एक ग्रॅम लोखंडाला सुमारे १३००. म्हणजे ६६० आणि १५०० यांतली ती प्रचंड वाटणारी दरी ग्रॅमच्या हिशेबात जवळपास बुजून जाते. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता लोखंडाच्या दुप्पट, आणि वितळताना तापमान न वाढवता शोषली जाणारी अप्रकट उष्णताही जास्त: ग्रॅममागे ३९७ जूल, लोखंडाची २४७. कुणी म्हणेल, ॲल्युमिनियम वजनाला हलकं, तेव्हा घनफळाने हिशेब करा. करू. घनफळाने पाहिलं तर ॲल्युमिनियमला कमी उष्णता लागते, हे खरंच आहे. पण तो हिशेब उष्णता दिलेल्या जागी टिकून राहते असं धरून केलेला आहे, आणि ॲल्युमिनियममध्ये ती टिकत नाही.

खरी मेख इथे आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २३७ वॅट प्रति मीटर केल्विन, आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ६०६१ या मिश्रधातूची १६७, आणि साध्या माइल्ड स्टीलची ५० च्या आसपास. घनता आणि विशिष्ट उष्णता हिशेबात धरली तर ६०६१ मध्ये उष्णता स्टीलपेक्षा सुमारे पाचपट झपाट्याने पसरते. टॉर्च एका जागी धरून तुम्ही उष्णता ओतताय आणि पट्टी ती त्याच क्षणी चारी दिशांना पळवतेय. गळकी टाकी भरायची तर नळ बारीक सोडून कसं चालेल?

आता ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर ७० अँपिअर लावून बसलेला शिकाऊ डोळ्यांपुढे आणा. आर्क पेटलाय, पण पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं ते चकचकीत डबकं, काही तयार होत नाही. तो थांबतो. आणखी थांबतो. तेवढ्या वेळात उष्णता पट्टीच्या टोकापर्यंत पोचते आणि अख्खा जॉब तापतो. मग कुठे आर्कखाली धातू पातळ व्हायला लागतो, पण आता उष्णता पळून जाईल अशी गार जागाच उरलेली नसते. पडल पसरतं, कडा बसतात आणि मधूनच तुकडा खाली गळून पडतो. वस्ताद मागून म्हणतो, "बघ, सांगितलं होतं ना, करंट जास्त झाला." पोरगा पुढच्या वेळी ६० लावतो. भोक याहून मोठं पडतं.

यात ऑक्साइडचा थर भर घालतो. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडची पापुद्र्यासारखी कात धरते. ती जेमतेम काही नॅनोमीटरची, पण तिचा वितळणबिंदू आहे २०७२ अंश. रटाळ तापवणीत आतला धातू पातळ झालेला असतो आणि वरची कात त्याला आवळून धरते. फिलर, म्हणजे जोडात भरायचा रॉड, टेकवला तर तो आत मुरत नाही, वर गोळी होऊन बसतो. शिकाऊ वैतागून फिलर खुपसतो, कात फाटते आणि सगळं एकदम खाली येतं.

शिवाय ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. लोखंड तापताना रंग बदलतं, ॲल्युमिनियम वितळेपर्यंत जसंच्या तसं पांढरं दिसतं. पृष्ठभागाच्या चकाकीत ६६० अंशांची मंद लाली डोळ्याला दिसतच नाही. "लाल व्हायला लागलं की फिलर घाल" असं शिकवणाऱ्याने आयुष्यात ॲल्युमिनियम जोडलेलं नाही, असं मी बेधडक समजतो.

मग आकडा किती ठेवायचा? जगभरच्या दुकानांत चालणारा ठोकताळा आहे: जाडीच्या दर हजारांश इंचाला एक अँपिअर. आपल्या मापात दर मिलिमीटरला साधारण ४०. दीड मिलिमीटरला ६०, तीनला १२० ते १२५. लोखंडाला लागतो तेवढाच करंट, बहुतेकदा थोडा चढाच. सहा मिलिमीटरच्या पुढे हा ठोकताळा वापरू नये. १२५ अँपिअरवर काही सेकंदांत पडल आरशासारखं लख्ख दिसतं. दिसताक्षणी फिलरचं टोक त्याच्या पुढच्या कडेला टेकवायचं, काढायचं आणि पुढे सरकायचं. गार फिलर पडलमधली उष्णता खेचून घेतो, त्यामुळे वेळेवर दिलेला फिलर हाच भोक टाळण्याचा पहिला उपाय. नवख्याचा हात इथेच चुकतो. तो पडल बघत बसतो, फिलर उशिरा देतो आणि दोष करंटवर जातो.

करंट कमी करावा लागतो, पण वेल्ड सुरू करताना नाही, पुढे गेल्यावर. जॉब तापत गेला की तीच पट्टी कमी करंट मागते, आणि पट्टीची कड जवळ आली की उष्णतेला पळायला जागा राहत नाही, तिथे तर नक्कीच. पायाचं पेडल असेल तर पाय सैल सोडायचा. आपल्याकडच्या बहुतेक गाळ्यांत पेडल नसतं, टॉर्चवरचं बटण असतं. मग हाताचा वेग वाढवायचा, लहान-लहान रन मारायचे, मध्ये जॉब गार होऊ द्यायचा. "करंट कमी ठेव" हे वाक्य बहुधा इथूनच सुटून आलं असावं. शेवटच्या इंचाचा सल्ला लोकांनी पहिल्या इंचाला लावला.

हे सगळं केवळ देखण्या बीडसाठी, म्हणजे वेल्डच्या रेघेसाठी, नाही. ६०६१-टी६ ची ताकद उष्मोपचाराने आणलेली असते, तन्यता सुमारे ३१० मेगापास्कल. वेल्डच्या शेजारचा तापलेला पट्टा ती ताकद गमावतो. कुणाला हे अतिशयोक्त वाटत असेल तर अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची ॲल्युमिनियमसाठीची डी१.२ ही संहिता बघावी: वेल्ड केलेल्या ६०६१-टी६ कडून ती तन्यतेची किमान अपेक्षाच १६५ मेगापास्कलची ठेवते. म्हणजे जवळपास निम्मी. ही हानी टाळता येत नाही, पण तो पट्टा रुंद होऊ द्यायचा की अरुंद ठेवायचा, हे वेल्डरच्या हातात असतं. मंद आचेवर रेंगाळलात की पट्टा रुंदावतो. म्हणजे ज्या माणसाने "जॉब जपायचा" म्हणून करंट कमी केला, त्यानेच तो जास्त मऊ केला. जाड जॉबला आधी तापवण्याबद्दलही हेच: प्रीहीट चालतं, पण अशा मिश्रधातूंना ११०–१२० अंशांच्या वर नेऊ नये. गॅसच्या बर्नरवर अंदाजाने भाजणं म्हणजे प्रीहीट नव्हे.

पटत नसेल तर दोन तुकड्यांचा टी-जोड करा, एकाच बाजूने वेल्ड मारा आणि वेल्डच्या बाजूला वळेल असा हातोड्याने दुमडून मोडा. कमी करंटच्या जोडात मुळाशी दोन्ही पट्ट्यांच्या मूळच्या कडा जशाच्या तशा दिसतील, कारण फिलर वरच्या वर बसलेला असतो. वरून नाण्यांच्या चळतीसारखा देखणा बीड आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. भाड्याच्या गाळ्यात सिंगल फेजवर करंट वाढवला की एमसीबी पडतो, म्हणून मशीन ८० वर अडकून राहतं. हा वायरिंगचा दोष आहे. तो धातूचा स्वभाव म्हणून पोरांना शिकवू नये.

बाकीचे गैरसमज याच्या तुलनेत किरकोळ आहेत, पण पैसे खातात.

"टिग मशीन आहे म्हणजे ॲल्युमिनियम होणारच." बाजारात स्वस्त मिळणारी बहुतेक इन्व्हर्टर टिग मशीनं फक्त डीसी असतात. स्टेनलेसला उत्तम, आर्गॉनखाली ॲल्युमिनियमला निरुपयोगी. घेण्याआधी नेमप्लेटवर एसी/डीसी लिहिलंय का ते बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. एसीमध्ये इलेक्ट्रोड धन असतो तेव्हा ऑक्साइडची कात फुटते आणि ऋण असतो तेव्हा उष्णता जॉबमध्ये जाते. नवख्याने बॅलन्स ७० टक्क्यांच्या आसपास ऋण बाजूला ठेवावा आणि काही दिवस त्याला हात लावू नये.

"डीसीवर ॲल्युमिनियम त्रिकाळात शक्य नाही." हे दुसरं टोक. नॉर्थ्रॉप या अमेरिकन विमान कंपनीच्या रसेल मेरेडिथ यांना १९४२ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मिळालं, त्यात हेलियम वायू आणि डीसी करंटच होता, मॅग्नेशियम जोडण्यासाठी. जाड ॲल्युमिनियमला हेलियम-डीसी आजही वापरतात. हेलियमची किंमत पाहता शिकाऊने हे ऐकून सोडून द्यावं.

"एसी सगळं साफ करतो, ब्रश कशाला?" एसी ऑक्साइडची पातळ कात काढतो. तेल, ग्रीस, रंग काढत नाही. आधी ॲसिटोनने पुसा, मग ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेसच्या तारेच्या ब्रशने घासा. क्रम उलटा केलात तर ब्रश तेल धातूत चोळून बसवतो. खिडक्यांच्या ॲनोडाइज्ड सेक्शनवर तर ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवलेला असतो, कित्येक मायक्रॉनचा. तो ग्राइंडरने उतरवल्याशिवाय आर्क नीट बसतच नाही.

"आर्गॉन जास्त सोडला की वेल्ड स्वच्छ." नेहमीच्या कपाला मिनिटाला ७ ते १० लिटर पुरतात. त्याहून फार वाढवलात तर प्रवाह घुसळतो, बाहेरची हवा आत ओढतो आणि बीड काळा पडतो. मग पोरगा आणखी गॅस सोडतो. आणि मिगच्या सिलिंडरमधलं कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण इथे चालत नाही, थोडंसुद्धा. टंगस्टनचा इलेक्ट्रोड जळून जातो.

"ॲल्युमिनियमला हिरवंच टंगस्टन, आणि टोक गोल." हा नियम जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा. इन्व्हर्टरवर निळ्या पट्टीचं, म्हणजे २ टक्के लँथनमचं टंगस्टन टोक काढून, शेंडा किंचित चपटा करून लावा. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं आणि ते सौम्य किरणोत्सारी आहे. त्याला धार लावताना उडणारी धूळ नाकात जाऊ देण्याचं काहीच कारण नाही.

"फिलर काय, कुठलीही ॲल्युमिनियमची तार चालते." ६०६१, ६०६३ हे मिश्रधातू नुसते वितळवून किंवा इलेक्ट्रिकच्या तारेने जोडले तर गार होताना मधोमध तडकतात. ४०४३ किंवा ५३५६ चा रॉड आणा. ४०४३ पातळ वाहतो आणि नवख्याला सोपा पडतो. जॉब नंतर ॲनोडाइझ करायचा असेल तर ५३५६, कारण ४०४३ ची रेघ काळपट उठून दिसते. आणि जॉब सतत ६५ अंशांच्या वर तापणार असेल तर ५३५६ नको.

"शिकताना पातळ पत्रा घ्या, स्वस्त पडतो." उलट. पातळ पत्रा चुकीला क्षणभरही जागा देत नाही. ३ मिलिमीटरची पट्टी घ्या. भंगारात इंजिनाचे कास्टिंग मिळतात त्यांच्याही नादी लागू नका, त्यांच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं.

"टिगला धूर नाही, म्हणजे धोका नाही." टिगचा धूर कमी असतो, हे खरं. पण चकचकीत ॲल्युमिनियम अतिनील किरण परतवून हनुवटीखाली आणि गळ्यावर फेकतं, आणि आर्कभोवती ओझोन तयार होतो. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातले. बंद बाह्यांचा सुती शर्ट, वरचं बटण लावलेलं, आणि १० किंवा ११ नंबरची काच. तेल काढायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे मात्र कधीच वापरू नका. क्लोरीनयुक्त स्प्रे असेल तर आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्याचा फॉस्जीन होतो, आणि पहिल्या महायुद्धात तो वायू माणसं मारायलाच वापरला होता. डब्यावर क्लोरीन आहे की नाही हे वाचत बसण्यापेक्षा ॲसिटोनची बाटली वेगळी आणा, आणि आर्क पेटवण्याआधी तिचं झाकण लावून ती लांब ठेवा, कारण ॲसिटोन पेट घेतं.