पहिल्या तीन दिवसांची तयारी

वीज, नळ, दुकाने आणि रस्ते एकाच वेळी बंद पडले तरी कुटुंबाचे तीन दिवस निभावतील एवढे सामान ठरलेल्या जागी तयार ठेवणे, म्हणजे घरगुती आपत्कालीन संच. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची अकादमी या दोन्ही संस्था नागपुरात आहेत. तरीही बचाव पथक दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ घराला स्वतःच काढावा लागतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील तळमजल्यांवर लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड वर्धा नदीच्या पुरात सापडले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी अंधारात सामान शोधत बसायला उसंत नसते आणि जमिनीलगत ठेवलेले सगळे आधी भिजते.

वर्धा रोडलगतच्या मिहान परिसरातील उंच इमारतींची अडचण वेगळी आहे. वरच्या मजल्यावर पुराचे पाणी येत नाही, पण वीज गेली की लिफ्ट थांबते, पंप थांबतो आणि नळ कोरडे पडतात. म्हणून संचाचे दोन भाग करावेत : घर सोडताना उचलायची पाठीवरची बॅग आणि घरातच अडकून पडल्यास उपयोगी पडणारा साठा.

साठ्यात पहिले स्थान पाण्याचे. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागते; वीस लिटरच्या दोन झाकणबंद कॅन पुरतात. पुरानंतर नळाचे पाणी उकळूनच प्यावे. खाण्यासाठी चूल न पेटवता चालेल असे फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, चिवडा आणि बिस्किटे ठेवावीत. लहान बाळाच्या आहाराची सोय वेगळी करावी.

बॅगेत टॉर्च व जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, काडेपेटी, दोरी, चादर, कपड्यांचा एक जोड, सॅनिटरी पॅड आणि सुटे पैसे असावेत. वीज नसताना मोबाईलवरून पैसे देता येतीलच असे नाही. औषधांत पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटे आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभर पुरतील इतक्या घ्याव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिन फ्रीजमध्येच राहील. ते नेण्यासाठी थंडावा टिकवणारी छोटी पिशवी बॅगेला बांधून ठेवावी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, विमा आणि घराच्या कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालाव्यात. महत्त्वाचे फोन नंबर कागदावरही लिहावेत, कारण बंद मोबाईलमधले नंबर कोणालाच पाठ नसतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियसची नोंद झाली. त्या दिवसांत डोक्याला बांधायचा दुपट्टा, ओआरएस आणि पाण्याची जादा बाटली बॅगेत घालावी.

बॅग दाराजवळ, पण उंच खुंटीवर टांगावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहानांनाही माहीत असावे. पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर फिरवावा आणि मगच निघावे. घरातले कोणी मिहानच्या कंपन्यांत रात्रपाळीला असेल तर ताटातूट झाल्यावर कुठे भेटायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. ११२ हा आपत्कालीन मदतीचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १०१ अग्निशमनाचा क्रमांक बॅगेवर चिकटवावा.

संच एकदा भरून विसरता येत नाही. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला तो उघडून औषधांच्या तारखा पाहाव्यात, सेल तपासावेत, पाणी बदलावे, जुना खाऊ खाऊन संपवावा आणि नवा भरावा.