सालगड्याचा पणजोबा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं छापील कुलवृत्तांत असेल. मूळ पुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंतच्या पिढ्या त्यांत ओळीनें लावलेल्या असतात. परंतु त्याच घरांच्या शेतांत ज्यांनीं जन्मभर कामें केलीं, त्यांच्या वंशजाला पणजोबाचें नांव हवें झालें तर त्यानें कोठें जावें? इंदापूर तालुक्यांतील सणसर गांव डोळ्यांपुढें ठेवून आम्ही हा प्रश्न विचारीत आहों.

इंग्लंडांतील गिरणीकामगाराचा पणतू या बाबतींत भाग्यवान. तेथें १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद होऊं लागली, आणि १८४१ च्या खानेसुमारीपासून घरोघरच्या माणसांचीं नांवें जतन झालीं. आपल्या जुन्या खानेसुमारीचे आंकडे तेवढे राहिले.

इंदापूर तालुक्यास कागदांची वाण नाहीं. प्रिंगलसाहेबाची आकारणी रयतेस पेलेना, म्हणून १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी मोजणी येथूनच सुरू केली. तीच पुढें मुंबई इलाख्याची पद्धति झाली. शेताला नंबर पडला, आकार ठरला, खातेदाराचें नांव चढलें. पण नांगर धरणारा सालगडी त्या कागदांत कोठून येणार? सात-बारा उघडून बसणाऱ्या मजुराच्या नातवास बहुधा दुसऱ्याचेच पूर्वज भेटतात.

त्यानें आधीं शाळेंत जावें. आजा किंवा बाप चार महिने जरी शाळेंत बसला असेल, तरी जनरल रजिस्टरांत त्याच्या बापाचें नांव, जात व जन्मगांव मिळतें. या भागांत जन्मगांवाचा रकाना फार मोलाचा आहे. निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, मागोमाग ऊंस आला. १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगर वसलें, पुढें सणसरलगत भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना निघाला. कामासाठीं माणसें दुरून आलीं, तेव्हां पुढचा शोध त्या मूळ गांवीं जाऊनच करावा लागतो. कारखान्यांत कायम झालेल्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांवर, १९५२ च्या कायद्यानंतर, वारसाचें नांव व नातेंही असतें.

मग गांव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचें कोतवाल बुक. जमीन नसलेलाही जन्मतो व मरतो, म्हणून तो येथें सांपडतो. जुनीं पानें मोडींत आहेत. आडनांव पुष्कळदां नसतेंच. ‘अमका बिन तमका’ एवढेंच. बायकांच्या नांवापुढें ‘कोम’ लिहून नवऱ्याचें नांव, माहेर मात्र लुप्त! एकाच नांवाचीं चार माणसें निघतात. वय, जात आणि मृत्यूचें साल जुळल्यावांचून आपला माणूस ठरवूं नये. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समिति नेमली गेली, तेव्हां हींच दप्तरें चाळलीं गेलीं.

एक दप्तर मात्र कोणत्याही कचेरींत नाहीं. तें वाचकांच्या माळ्यावर आहे. एकत्र कुटुंबाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत सालगड्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, दिलेलें धान्य, जोडा, घोंगडी आणि उचल, सारें तिथीवार असतें. उचल फिटत नाहीं आणि पुढच्या सालीं त्याच खात्यावर मुलाचें नांव येतें, अशींही पानें निघतील. तीं दाखविण्यास घरच्या वडीलधाऱ्यांना संकोच वाटेल हें आम्ही जाणतों. तरीही त्या वह्या रद्दींत घालूं नयेत, आणि निवडक पानें फाडून तर मुळींच ठेवूं नयेत. मोडी वाचणाऱ्याकडून नांवांची यादी करून घ्यावी, पानांचीं छायाचित्रें काढावीं, आणि त्या गड्याचें घर अजून गांवांत असेल तर एक प्रत तेथें पोंचवावी.