शिपायाचा क्रमांक आणि भरतीचे वर्ष

आमच्या घरी पणजोबांचे नाव घेतले जात नसे. आजोबा पाच वर्षांचे असताना, १९१८ च्या मानमोडीत, त्यांची आई आणि धाकटी बहीण आठ दिवसांच्या अंतराने गेली. आजोबांना आळंद तालुक्यातील आजोळी नेण्यात आले आणि तेथे मामांनी त्यांना जे सांगितले तेच आमच्या घराण्याचा इतिहास होऊन बसले : "साथ आली तेव्हा तुझा बाप बायकोपोरांना टाकून पलटणीत पळाला." १९२० च्या सुमारास पणजोबा भालकीकडील आपल्या गावी परतले, मुलाला भेटण्यासाठी आळंदपर्यंत गेले, पण त्यांना उंबरा ओलांडू दिला गेला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर भाऊबंदांपैकी कोणीतरी एक पत्र्याची डबी आणून दिली. तीत एक चांदीचे पदक व फितीचे दोन तुकडे होते. आजोबांनी ती डबी कधी उघडली नाही. वडिलांनी ती जपली, एवढेच.

साथीत माणसे काय करतात, हे आपण वैद्यकीय व्यवसायातील मंडळी चांगले जाणतो. पळणारेही असतात. त्यामुळे मामांच्या बोलण्यावर अविश्वास दाखवावा असे मला कधी वाटले नव्हते. निवृत्तीनंतर डबी हाती आली तेव्हा केवळ कुतूहल म्हणून मी पदकाची कड पाहिली. नाण्याची कड पाहावी तशी. अक्षरे झिजली होती. आमच्या एका नेत्रतज्ज्ञ मित्रांच्या स्लिट लॅम्पखाली ते पदक धरले आणि ती वाचता आली : २७३८, शिपाई, पणजोबांचे नाव (इंग्रजी कारकुनाने वाटेल तसे लिहिलेले) आणि पुढे '११७ मराठा'. या चार आकड्यांवरून भरतीचे वर्ष कसे काढता येते, हे या लेखात सांगावयाचे आहे. आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील अनेक घरांच्या पेट्यांत अशी पदके पडून आहेत, म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. शिपायाच्या क्रमांकात तारीख दडलेली नसते. तो आपल्या रुग्णालयातील केसपेपरच्या क्रमांकासारखा असतो. नोंदवहीत जो आधी आला त्याला लहान क्रमांक, जो नंतर आला त्याला मोठा. बिदरच्या दवाखान्यातील ४१२ आणि गुलबर्ग्याच्या दवाखान्यातील ४१२ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, तसाच दोन पलटणींतील समान क्रमांकांचाही नसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी सैन्यातील प्रत्येक पलटण आपल्या शिपायांना स्वतःचे क्रमांक देत असे. त्यामुळे पलटणीचे नाव कळल्याखेरीज नुसता क्रमांक निरुपयोगी आहे. शिपाई दुसऱ्या पलटणीत कायमचा बदलून गेला, तर तेथे त्याला नवा क्रमांक मिळे. केवळ जोडून दिलेला असेल तर जुनाच राही. जमादार-सुभेदारांच्या पदकांवर मात्र क्रमांक बहुधा नसतो, फक्त हुद्दा व नाव असते.

ब्रिटनमध्ये हीच पद्धत पूर्वजांच्या शोधासाठी फार वापरली जाते आणि त्याला एक दुःखद कारण आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील शिपायांची निम्म्याहून अधिक सेवापत्रे जळून गेली. कागद गेले, पण पदकांच्या कडांवरचे आणि पदकांच्या याद्यांतले क्रमांक उरले. मग शेजारच्या क्रमांकाच्या ज्या शिपायाचे कागद वाचले असतील त्याच्या भरतीच्या तारखेवरून आपल्या माणसाची तारीख ठरवावयाची, असा मार्ग निघाला. तेथेही १९२० पर्यंत प्रत्येक रेजिमेंटचे क्रमांक वेगळे होते. १९१७ च्या आरंभी टेरिटोरियल दलाच्या शिपायांना सहा आकडी नवे क्रमांक देण्यात आले, त्यामुळे एकाच माणसाचे दोन क्रमांक आढळतात आणि वंशज गोंधळतात. १९२० मध्ये सर्व सैन्यासाठी एकच मालिका आखून तिचे तुकडे वाटून देण्यात आले. उदाहरणार्थ, ७,२१,००१ पासून १८,४२,००० पर्यंतचे क्रमांक तोफखान्याचे. तेव्हापासून क्रमांकावरून माणूस प्रथम कोणत्या दलात शिरला हेही कळू लागले.

हिंदी सैन्यातील क्रमांकांचा क्रम पाहावयाचा असेल तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी जाहीरनाम्यांतील एक जोडी सोयीची आहे. तिसऱ्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील कुलबीर थापा यांनी सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समध्ये पराक्रम केला. त्यांचा क्रमांक २१२९. त्याच बटालियनचे करणबहादूर राणा यांनी एप्रिल १९१८ मध्ये पॅलेस्टाईनच्या आघाडीवर तोच सन्मान मिळविला. त्यांचा क्रमांक ४१४६. करणबहादूर यांचा जन्म १८९८ च्या डिसेंबरमधला, म्हणजे मोठा क्रमांक धाकट्या माणसाकडे आहे, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण यावरून 'करणबहादूर सप्टेंबर १९१५ नंतर भरती झाले' असा निष्कर्ष काढता येत नाही! पराक्रमाची तारीख ही भरतीची तारीख नव्हे. ते कुलबीर यांच्यानंतर भरती झाले, इतकेच सिद्ध होते. ही चूक इतकी सहज घडते की मीही ती प्रथम केली.

मृत्यूच्या तारखांचेही असेच आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी संगणकावर कोणालाही पाहता येते आणि तीत अनेक हिंदी शिपायांचे क्रमांक, पलटण, मृत्युदिनांक, कधी कधी बापाचे नाव व गावही सापडते. समजा, आपल्या पूर्वजापेक्षा मोठ्या क्रमांकाचा त्याच पलटणीतील शिपाई एप्रिल १९१५ मध्ये मरण पावला आहे. मग आपला पूर्वज त्या तारखेपूर्वी निश्चितच भरती झालेला होता. मृत शिपायाचा क्रमांक लहान असेल तर मात्र त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. निदानात एखादी चाचणी होकारार्थी आली तरच उपयोगी, नकारार्थी आल्यास निरर्थक, असे आपण म्हणतो ना, तसे.

आपल्या भागापुरती एक अडचण अधिक आहे. बिदर व गुलबर्गा हे निजामाच्या राज्यातील जिल्हे. येथील माणूस मुंबई इलाख्यात जाऊन मराठा पलटणीत शिरे, निजामाच्या स्वतःच्या फौजेत जाई किंवा हैदराबाद कंटिन्जंटमध्ये. या कंटिन्जंटची छावणी आपल्याजवळ मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. १९०३ मध्ये कंटिन्जंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि तिच्या पायदळाला ९४ ते ९९ हे पलटण-क्रमांक मिळाले. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले! भालकीच्या माणसाच्या पलटणीचा वारसा आज रानीखेतला सापडावा, ही गंमत आहे. मराठा पलटणींचा वारसा मात्र जवळच, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात आहे. गावाच्या नावाबाबतही सावध राहावे. जुन्या कागदावर 'जिल्हा बिदर' असले तरी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदरमध्येच होते.

आता माझ्या २७३८ कडे वळतो. मला त्याच पलटणीतला, भरतीची तारीख ठाऊक असलेला एक शेजारी हवा होता. तो मिळाला माझ्याच दवाखान्यात. औराद तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक मधुमेहासाठी बरीच वर्षे माझ्याकडे येतात. बोलता बोलता पदकाचा विषय निघाला. पुढच्या खेपेस त्यांनी आपल्या आजोबांचा डिस्चार्ज सर्टिफिकेटचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला. पलटण ११७ मराठा. क्रमांक २८०१. भरती : मार्च १९१२.

मी तो कागद तीनदा वाचला. बाहेर रुग्ण खोळंबले होते.

माझ्या पणजोबांचा क्रमांक त्रेसष्टाने लहान. म्हणजे ते मार्च १९१२ च्या आधी त्या पलटणीच्या वहीत चढलेले होते. मानमोडी आपल्या भागात आली ती १९१८ च्या पावसाळ्याअखेर. मधे साडेसहा वर्षे!

परंतु आनंदाच्या भरात निदान करू नये, ही आपली शिकवण. ते दुसऱ्या पलटणीतून येथे बदलून आले असतील का? असतील, तर मूळ भरती त्याहूनही जुनी ठरते. पदकावरचा क्रमांक कारकुनाने चुकीचा कोरला असेल का? किंवा एखादा रिकामा झालेला क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला गेला असेल का? या शंकांचे उत्तर क्रमांक देऊ शकत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा पाहिजे, आणि तो डबीतच होता. फितीच्या दोन तुकड्यांपैकी एक नारिंगी पट्ट्याचा, दोन्ही कडांना पांढरा, काळा व निळा रंग असलेला, तो चांदीच्या युद्धपदकाचा. दुसरा तांबडा, पांढरा व निळा, रंग एकमेकांत विरघळल्यासारखे. ही फीत १९१४ आणि १९१४-१५ च्या ताऱ्यांची आहे. तारा हरवला आहे, पण तो ज्याला मिळाला तो ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी युद्धभूमीवर पोहोचलेला असलाच पाहिजे. ११७ मराठा ही पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरलेल्या पहिल्या ब्रिगेडमध्ये होती. पुढे शैबा, टेसिफोन आणि शेवटी कूटचा वेढा. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेतल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले आणि कित्येक तेथेच मेले. पणजोबा कूटमध्ये होते असे मी म्हणत नाही. आजारी पडून आधीच परत पाठविले गेलेलेही असतील. मात्र बायको तापाने तळमळत असताना ते घरातून निघून गेले नव्हते, कारण ते घरात नव्हतेच. आजोबांचा जन्म १९१३ चा, तोही रजेच्या हिशेबात बसतो.

मामा खोटे बोलले असे मला वाटत नाही. बहीण गेली, भाची गेली, मेव्हणा समोर नाही. दुःखाला एक माणूस हवा असतो.

ज्यांच्या घरी असे पदक असेल त्यांना एक विनंती. ते चिंच किंवा राख लावून घासू नका. चकाकी येईल, पण कडेची अक्षरे जातील. भिंगाखाली तिरपा उजेड पाडून वाचा किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. ताऱ्याचे नाव-क्रमांक मागच्या बाजूस असतात. डबीतील चिंध्या फेकू नका. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक असे काही असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण तुमचा कागद शेजारच्या तालुक्यातील कोणा अनोळखी कुटुंबाला उपयोगी पडू शकतो. त्या शिक्षकांना ठाऊकही नव्हते की त्यांच्या पिशवीत माझ्या पणजोबांची तारीख आहे.

वडील आता ब्याण्णव वर्षांचे आहेत. त्यांना मी हे सारे दोन संध्याकाळी समजावून सांगितले. त्यांनी ती डबी मागवून घेतली आणि पदक बराच वेळ हातात धरले. मग घराण्याची वंशावळ असलेली वही काढावयास सांगितली. पणजोबांच्या नावापुढची जागा आजवर कोरी होती. तेथे काय लिहावे, असे त्यांनी विचारले. मी लिहिले : 'पलटण ११७ मराठा, शिपाई क्र. २७३८, भरती मार्च १९१२ पूर्वी.' नक्की तारीख मिळेल तेव्हा 'पूर्वी' हा शब्द खोडावयाचा, असे ठरले आहे.