मुदतीवरचा वकील

कायम पगाराची नोकरी आणि स्वतःच्या पक्षकारांवर चालणारी स्वतंत्र वकिली या दोहोंच्या मध्ये विधी व्यवसायाचा एक मोठा पट्टा आहे. तिथे वकील एखाद्या संस्थेसाठी ठरावीक मुदतीपुरते, ठरावीक कामापुरते किंवा एकाच खटल्यापुरते नेमले जातात. बँकेच्या पॅनेलवरचा वकील, विधी सेवा समितीने नेमून दिलेला वकील, जिल्हा सरकारी वकील, सरकारी कार्यालयातला कंत्राटी विधी अधिकारी आणि कंपनीत कोणाच्या रजेच्या काळात काम पाहणारा कायदा सल्लागार हे सगळे या पट्ट्यातले. कामाची ही रीत महानगरांतली आणि अलीकडची समजली जाते. प्रत्यक्षात तालुक्याच्या न्यायालयांत ती फार पूर्वीपासून रुळलेली आहे.

नाशिकपासून सुमारे २५ किलोमीटरवर, कळवणच्या रस्त्यावर असलेले दिंडोरी हे याचे चांगले उदाहरण आहे. तालुक्यात द्राक्षबागा आहेत, कादवा सहकारी साखर कारखाना आहे, अक्राळे-तळेगावची औद्योगिक वसाहत आहे आणि मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची मोठी उत्पादक कंपनी आहे. तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. बागायतदार, कर्ज देणाऱ्या संस्था, कारखानदार आणि आदिवासी खातेदार एकाच तालुक्यात असल्यामुळे कायद्याचे काम भरपूर निघते. पण एखाद्या पतसंस्थेला किंवा लहान कारखान्याला वर्षभर पगारी वकील ठेवण्याइतके ते क्वचितच असते. त्यामुळे काम पॅनेलवर, रिटेनरवर किंवा करारावर दिले जाते.

अशा नेमणुकीत पहिला प्रश्न सनदेचा येतो. वकिलीचा हक्क अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे झालेल्या नोंदणीतून मिळतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल करते. भारतीय बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमानुसार वकिलाला वकिली चालू ठेवून कोणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. पॅनेल किंवा रिटेनर या अटीत अडकत नाही, कारण तिथे वकील स्वतंत्रच राहतो, इतर पक्षकार घेऊ शकतो आणि त्याला पगार नव्हे, फी मिळते. महिन्याच्या पगारावर, हजेरीपटावर सही करून एका कंपनीत बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. दीपक अग्रवाल प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिले ते कामाचे स्वरूप: सरकारच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा अभियोक्ता पगार घेत असला तरी वकीलच राहतो. कराराच्या मथळ्यावर ‘सल्लागार’ लिहिले म्हणून प्रश्न मिटत नाही. रोजचे काम काय, कोणाच्या हाताखाली आणि न्यायालयात उभे राहायचे की टेबलावर बसायचे, यावर उत्तर ठरते. याचा परिणाम पक्षकारालाही भोगावा लागू शकतो. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने जी गोपनीयता दिली आहे, ती कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला त्याच स्वरूपात लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले.

तालुक्यातले नेहमीचे कंत्राटी काम म्हणजे बँकांचा सर्च रिपोर्ट. शेतजमिनीवर कर्ज देण्यापूर्वी बँक आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडे कागद पाठवते. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटाचा नकाशा वाचून, दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची तपासून वकील जमिनीचा हक्क निर्वेध आहे की नाही ते लिहून देतो. साधारण प्रघात मागची ३० वर्षे पाहण्याचा आहे. दिंडोरीसारख्या तालुक्यात तेवढ्यावर थांबणारा वकील बँकेला आणि शेतकऱ्यालाही अडचणीत आणू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने द्यायची तर राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय १९७४ च्या एका अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. तो सगळा काळ ३० वर्षांच्या शोधाबाहेर राहतो. म्हणून जाणता वकील तलाठी कार्यालयातले जुने हस्तलिखित फेरफार काढायला लावतो, मूळ कब्जेदाराचे नाव पाहतो, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे का ते बघतो आणि मगच सही करतो. एका अहवालाची फी ठरलेली असते. जुन्या फेरफारासाठी दोन हेलपाटे जास्त पडले म्हणून ती वाढत नाही. तरीही तो हेलपाटा घालणे हेच या कामातले खरे वकीलपण.

अहवाल चुकला तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये के. नारायण राव प्रकरणात दिले. हैदराबादमधल्या एका बँकेच्या पॅनेलवरील वकिलाला गृहकर्जाच्या फसवणुकीत आरोपी केले होते. कटात सामील असल्याचा पुरावा नसेल तर केवळ चुकीच्या अभिप्रायावरून फौजदारी खटला चालवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर नुकसानभरपाईची आणि व्यावसायिक गैरवर्तनाची जबाबदारी मात्र राहतेच.

दुसरे मोठे क्षेत्र मोफत कायदेशीर मदतीचे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असला तरी तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्षपद तिथल्या ज्येष्ठ न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. दिंडोरीच्या आदिवासी गावांसाठी ही तरतूद मोलाची आहे, पण ती माहीत नसल्यामुळे वकिलाच्या फीसाठी कर्ज काढण्याची वेळ कोणावर येऊ नये. २०१० च्या राष्ट्रीय विनियमांनुसार पॅनेलवर येण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते, पॅनेलची दर तीन वर्षांनी फेररचना होते आणि वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. त्याच विनियमांत एक फार शहाणपणाची अट आहे. पॅनेल बदलले तरी वकिलाकडे आधीच सोपवलेली प्रकरणे त्या कारणाने काढून घेतली जात नाहीत. नेमणुकीची मुदत संपते, खटल्याची संपत नाही, हे ज्याने नियम लिहिला त्याला पक्के ठाऊक होते.

फौजदारी प्रकरणांसाठी २०२२ पासून निराळी व्यवस्था आली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या या योजनेतल्या कार्यालयांना महाराष्ट्रात लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोक अभिरक्षक आधी दोन वर्षांच्या करारावर पूर्णवेळ नेमले जातात. त्यांना मासिक मानधन मिळते, पण खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. मुख्य पदासाठी किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. पॅनेलवरच्या वकिलाचे लक्ष मोफत प्रकरण आणि फीचे प्रकरण यांत वाटले जाते, तो दोष यातून दूर होतो. बदल्यात नवीन अडचण उभी राहते. दोन वर्षे खासगी पक्षकार सोडलेला तरुण वकील मुदत न वाढल्यास पुन्हा शून्यातून सुरुवात करतो. चांगली माणसे या कामात टिकायला हवी असतील तर मुदतवाढीचा निर्णय करार संपण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत लोंबकळत ठेवणे परवडणारे नाही.

सरकारची बाजू मांडणारेही बहुतांश मुदतीवरच असतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ते कायम सेवेतले. जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहायक मात्र वकिली करणाऱ्यांतून, १९८४ च्या महाराष्ट्र विधी अधिकारी नियमांखाली मुदतीने नेमले जातात. सत्र न्यायालयातल्या अभियोक्त्याला किमान सात वर्षांची वकिली लागते, तर एखाद्या विशिष्ट खटल्यासाठीच्या विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांची. एका खटल्यापुरत्या नेमणुकीचे महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित नाव उज्ज्वल निकम यांचे. १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट, २६/११ चा हल्ला आणि कोपर्डी हे खटले त्यांनी विशेष सरकारी वकील म्हणून चालवले. सरकार बदलले की सरकारी वकील बदलतात, हा समज पूर्ण खोटा नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने राज्यभरच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका सरसकट संपवल्या, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती कृती मनमानी ठरवून रद्द केली.

जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि पोलीस खाते यांत विधी अधिकारी बहुधा ११ महिन्यांच्या करारावर घेतात. ते न्यायालयात उभे राहत नाहीत. सरकारी वकिलाला माहिती पुरवणे, शपथपत्राचा मसुदा करणे आणि अपिलाची मुदत सांभाळणे हे त्यांचे काम. करार कितीदा नवा झाला तरी त्यातून कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हे २००६ च्या उमादेवी निकालापासून स्पष्ट आहे.

खासगी कंपन्यांतली गरज बहुधा अचानक निघते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. तेवढा काळ विधी विभागाचे टेबल रिकामे ठेवता येत नाही. कुठे जमीन खरेदीचा मोठा व्यवहार असतो, कुठे निर्यातीचे करार हंगामाच्या तोंडावर एकदम येतात. पाश्चात्त्य देशांत अशा कामासाठी वकील पुरवणाऱ्या कंपन्याच उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये २००० साली निघालेली अॅक्सिअम ही त्यांतली नामांकित. परदेशी खटल्यांतले कागद वाचून देण्याचे काम मुंबईत पँजिया३ सारख्या कंपन्यांनी २००४ च्या सुमारास सुरू केले. भारतात वकिलाला जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे इथे अशी कामे अजून ओळखीतून आणि बार रूममधूनच मिळतात.

फी ठरवताना तीन गोष्टी लेखी हव्यात: कामाची व्याप्ती, रक्कम देण्याची तारीख आणि काम अर्धवट थांबले तर कुठपर्यंतचे पैसे. निकालावर अवलंबून फी ठरवायला नियमाने मनाई आहे. एका पक्षाला सल्ला देऊन त्याच वादात समोरच्या पक्षाकडून उभे राहता येत नाही. लहान गावात ही दुसरी अट कठीण जाते, कारण कर्ज देणारी सोसायटी, कर्जदार आणि जामीनदार एकमेकांच्या नात्यातले असतात आणि तिघांनीही कधी ना कधी त्याच वकिलाचा सल्ला घेतलेला असतो. म्हणून पॅनेलवर नाव देण्यापूर्वी आपल्याकडची जुनी प्रकरणे तपासून संस्थेला कळवणे हिताचे.

या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे ते सोपवणे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार एकदा दाखल झालेले वकीलपत्र कामकाज पूर्ण होईपर्यंत चालू राहते. न्यायालयाच्या परवानगीने ते लेखी संपवावे लागते. संस्थेशी केलेला करार ३१ मार्चला संपला तरी १५ एप्रिलच्या तारखेला पुकारा त्याच वकिलाच्या नावाने होतो. तो हजर नसेल तर प्रकरण एकतर्फी होऊ शकते आणि फटका पक्षकाराला बसतो. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचाही हक्क वकिलाला नाही. भोपाळच्या एका वकिलाची राज्य सहकारी बँकेशी असलेली रिटेनरशिप १९९३ मध्ये संपली. बँकेने फाइली परत मागितल्या, तेव्हा त्यांनी ९७,१०० रुपयांचे बिल पाठवले आणि फाइली ठेवून घेतल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निर्णय दिला की फीसाठी दावा लावता येईल, पण पक्षकाराचे कागद तारण म्हणून धरता येणार नाहीत.

न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणात हे सोपवणे किती नाजूक असते ते दिसते. द्राक्षे नेलेल्या व्यापाऱ्याचा धनादेश परत आला, तर बँकेकडून तशी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करायची असते. या दिवसांच्या मध्येच शेतकरी संस्थेचा वकील बदलला तर नव्या वकिलाला बँकेचा मेमो, नोटिशीची स्थळप्रत, टपालाची पावती आणि पोहोच हे चारही कागद पहिल्याच दिवशी हवेत. सोपवण्याच्या टिपणात प्रत्येक प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, पुढची तारीख, कामाचा टप्पा, मुदतीचा शेवटचा दिवस आणि नकलेसाठी अर्ज कधी केला ते यावे. नवे वकीलपत्र जुन्या वकिलाच्या ना हरकतीसह दाखल करून रोजनाम्यात त्याची नोंद झालेली पाहावी आणि मूळ कागद यादीवर सही घेऊनच द्यावेत. त्यानंतरच जुन्या वकिलाने ते प्रकरण आपल्या डायरीतून कमी करावे.