बेकारी किती, आणि किती दिवसांची?

मध्य प्रदेशातली देवास आणि धार ही पवारांची जुनी संस्थानं. आज देवासची ओळख नोटांच्या छापखान्याची, तर धार जिल्ह्याची पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीची. इथली बेकारी नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. काम सुटतं कसं आणि पुन्हा लागतं कसं, हे पाहावं लागतं.

समजा, एका वस्तीत दर महिन्याला २० जणांचं काम सुटतं आणि नवं मिळायला प्रत्येकाला ३ महिने लागतात. तिथे केव्हाही मोजा, ६० बेकार सापडतील. दुसऱ्या वस्तीत महिन्याला ५ जणांचंच काम सुटतं, पण प्रत्येक जण १२ महिने घरी बसतो. तिथेही ६०च. आकडा एक, दुखणी दोन.

पिथमपूरचा ठेक्यावरचा कामगार पहिल्या वस्तीतला. ऑर्डर असेपर्यंत हजेरी, मग ‘ब्रेक’. तो सोयाबीन काढायला गावी जातो, नाहीतर बांधकामावर गुजरात गाठतो. सरकारी पाहणीच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो, त्यामुळे त्याची ओढाताण आकड्यात उतरतच नाही. कारखान्यांचंही स्थैर्य असंच. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर इथे कायनेटिक होंडा स्कूटर काढली. १९९८मध्ये होंडा बाहेर पडली, २००८मध्ये महिंद्रा आली, २०१८पासून पिथमपूरला जावा मोटारसायकली बनू लागल्या. प्रत्येक बदलात कामगाराला हातातलं कसब नव्याने घडवावं लागतं.

नोटांच्या छापखान्यासारखी कायम नोकरी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भरतीची तयारी करणारा पदवीधर दुसऱ्या वस्तीतला. आणि काम शोधून थकलेली, घरी परतलेली बाई बेकारांतून वगळलीच जाते. तिने आशा सोडली की टक्केवारी सुधारलेली दिसते!

म्हणून इलाजही वेगळे हवेत. कर्मचारी राज्य विम्याने २०१८मध्ये काम गेलेल्यांसाठी ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या पाव रकमेची योजना आणली, २०२०मध्ये ती रक्कम निम्म्यावर नेली. पण मजूर अड्ड्यावर थापी घेऊन उभ्या असलेल्याच्या नावावर विमाच नसतो. ठेक्यावरच्या कामाला विमा आणि सलगता हवी, पदवीधराला वेळेवर होणारी भरती आणि वसाहतीत चालेल असं कौशल्य, बाईला घराजवळ काम आणि सुरक्षित बस. दर महिन्याला किती जण सुटले, किती लागले, किती थकून थांबले, हे जिल्हावार जाहीर झालं, तरच योग्य माणसाला योग्य मदत पोचेल.