हरवलेल्या विभागांचा शोध : संगणक कक्षातील नऊ दिवस

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या रुग्णालयाचा मध्यवर्ती सर्व्हर बदलताना जो प्रसंग ओढवला, त्याविषयी देणगीदारांनी व रुग्णांच्या नातेवाइकांनी वेळोवेळी पृच्छा केली आहे. काहींनी तर रुग्णालयातील सर्व नोंदी नष्ट झाल्याचेच ऐकले होते. वस्तुस्थिती तशी नाही. नेमके काय घडले, याचे निवेदन आपणांसमोर ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने हा विषय आम्हांस हिशेबाच्या भाषेतच समजला, व त्याच भाषेत तो येथे मांडत आहोत.

जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड वारंवार बंद पडू लागल्याने विश्वस्त मंडळाने नव्या यंत्रास मंजुरी दिली. एका रविवारी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने जुन्या यंत्रातील प्रत्येकी ६०० जीबीच्या चार हार्ड डिस्क काढून नव्या यंत्रात बसविल्या. यंत्र सुरू झाले, चारही डिस्क पडद्यावर दिसल्या. परंतु त्यांवरील विभाग, ज्यांना संगणकाच्या परिभाषेत पार्टिशन म्हणतात, ते मात्र नाहीसे झाले होते. केस पेपरच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, बिले, निर्धन रुग्ण निधीचा हिशेब आणि देणगीदारांच्या ८०-जी पावत्यांची नोंदवही, हे सारे त्या विभागांत होते. बाहेर ठेवलेली शेवटची पूर्ण प्रत अकरा आठवडे जुनी होती. ही चूक सर्वस्वी प्रशासनाची, म्हणजे आमचीच होय.

पार्टिशन म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. खातेवहीच्या पहिल्या पानावर कोणते खाते कोणत्या पानापासून सुरू होते याची अनुक्रमणिका असते. १९८३ पासून चालत आलेल्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात अशीच अनुक्रमणिका असते व तिच्यासाठी अवघी ६४ बाइट जागा राखलेली असते. ते पान फाटले तरी आतील खाती जागच्या जागीच राहतात. फक्त संगणकास ती सापडत नाहीत. म्हणून ‘पार्टिशन गेले’ याचा अर्थ ‘माहिती गेली’ असा होत नाही, निदान लगेच तरी नाही.

आमच्या बाबतीत गुंतागुंत अधिक होती. चार डिस्क म्हणजे चार वह्या नव्हत्या. चौघींत मिळून एकच वही विभागून लिहिलेली होती. या रचनेस रेड म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी आपल्या निबंधाद्वारे हे नाव रूढ केले. आमच्याकडील पाचव्या प्रकारच्या रेडमध्ये माहितीचे ६४ केबीचे तुकडे तीन डिस्कवर पडत व चौथ्या ठिकाणी त्या तिघांची जणू बेरीज लिहिली जाई; बेरजेचे स्थान दर ओळीस पुढच्या डिस्कवर सरके. तीन रकमांपैकी एक पुसली गेली तरी उरलेल्या दोन व बेरीज यांवरून ती काढता येते. कोणतीही एक डिस्क बिघडली तरी काम चालते, ते याच कारणाने.

कोणती डिस्क कितवी, तुकडा केवढा, ही माहिती जुन्या यंत्रातील रेड कंट्रोलर स्वतःच्या पद्धतीने डिस्कवर लिहून ठेवत होता. नव्या यंत्रातील कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा. त्यास ती लिपी वाचता आली नाही व त्याने चारही डिस्क सुट्या दाखविल्या. अनुक्रमणिका पहिल्या डिस्कवर शाबूत होती. परंतु ती तीन डिस्कच्या लांबीचा हिशेब सांगत होती आणि समोर होती एकच डिस्क. म्हणून तीही अग्राह्य ठरली. जुना कंट्रोलर मदरबोर्डवरच जोडलेला असल्याने तो काढून लावण्याची सोय नव्हती, आणि तो मदरबोर्ड सोमवारी सकाळी कायमचाच बंद झाला.

त्याआधी रविवारीच आणखी एक गोष्ट घडून गेली होती. ‘डिस्क इनिशियलाइज करावयाची काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला व तंत्रज्ञाने एका डिस्कपुरते ‘होय’ म्हटले. त्या एका होकाराने डिस्कच्या आरंभी व शेवटी नवी, कोरी अनुक्रमणिका लिहिली गेली. दुसऱ्या डिस्कपूर्वी आमच्या संगणक कक्षातील तरुण सहकाऱ्याने त्यांचा हात अडविला. या सहकाऱ्याची नोकरी तेव्हा तात्पुरती होती; आता ती कायम करण्यात आली आहे.

पुढील काम बाहेरील एका जाणकार अभियंत्यांच्या सल्ल्याने झाले. त्यांनी प्रथम मूळ डिस्कवर काहीही लिहिण्यास मनाई केली व डीडीरेस्क्यू या मुक्त प्रणालीने प्रत्येक डिस्कची तंतोतंत नक्कल काढली. तीन नकला दोन रात्रींत झाल्या. चौथ्या डिस्कवर वाचता न येणारे कप्पे निघाले आणि तिने एकटीने तीन दिवस घेतले. दरम्यान टेस्टडिस्क ही प्रणाली वापरून पाहावी, अशी सूचना अनेकांनी केली. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची ही प्रणाली उत्तमच आहे. एका अखंड डिस्कची अनुक्रमणिका हरवली तर ती विभागांच्या खुणा शोधून पुन्हा लिहून देते. परंतु वहीची पाने चार ठिकाणी विखुरलेली असताना तिच्या हाती तुटक खुणांपलीकडे काय लागणार?

खरा प्रश्न क्रमाचा होता. डिस्क काढताना कोणती कोणत्या खाचेतील होती, हे कोणीच लिहून ठेवले नव्हते. चार डिस्कचे चोवीस क्रम संभवतात, शिवाय तुकड्याचा आकार व बेरजेची फिरण्याची दिशा. नकलांवर एकेक क्रम लावून पाहावा लागला. फसवी गोष्ट अशी की, काही चुकीच्या मांडणीतही विभाग दिसू लागत, छोटी पत्रे उघडत. पण छातीचे क्ष-किरण चित्र उघडले की बरगड्यांचे पट्टे भलत्याच ठिकाणी दिसत. म्हणून सलग मोठी चित्रे हीच कसोटी ठरली. सातव्या दिवशी पहिले निर्दोष चित्र उघडले. बाधित डिस्क प्रथम बाजूला ठेवून तिचा भाग बेरजेवरून काढला. आणि चौथ्या डिस्कवरील न वाचलेल्या कप्प्यांसाठी, तिचा मधला भाग शाबूत असल्याने, तोच उपयोगी पडला. नवव्या दिवशी सर्व नोंदी नव्या सर्व्हरवर आल्या.

या नऊ दिवसांचा भार मात्र रुग्णांनी सोसला. जुने अहवाल न मिळाल्याने डायलिसिसच्या व केमोथेरपीच्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरून कागद शोधून आणावे लागले. काहींच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. त्यांची आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो.

आता डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खाचेचा क्रमांक लिहिला जातो व छायाचित्र घेतले जाते. नव्या सर्व्हरवरील अनुक्रमणिकेची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राहते. रोजची प्रत वेगळ्या इमारतीत जाते आणि दर महिन्यास तीतून काही नोंदी प्रत्यक्ष उघडून पाहिल्या जातात. रेड ही सुरक्षित प्रत नव्हे, हे विश्वस्तांच्या बैठकीत आम्हांस दोनदा समजावून सांगावे लागले, व त्याआधी स्वतःला एकदा.

रुग्णालयात पुन्हा केलेल्या तपासण्यांचे शुल्क आकारलेले नाही. ज्यांनी त्या नऊ दिवसांत आपली तपासणी बाहेर करून घेतली, त्यांनी मूळ पावतीसह नोंदणी कक्षात यावे; रक्कम परत करण्यात येईल.